‘एदो काळातला सेंदाई तान्सू’ ऑनलाइन विकायला आहे. खरा कसा ओळखायचा आणि मुंबईच्या हवेत तो टिकेल का?

तुम्ही दिलेली माहिती एवढीच: तान्सू, म्हणजे खणांची जपानी पेटी, जपानच्या सेंदाई शहराच्या शैलीतली, रुंदी १२० आणि उंची ९० सेंटिमीटर, दर्शनी फळ्या केयाकी या कठीण जपानी लाकडाच्या, त्यावर नक्षीदार लोखंड, आणि विक्रेता ती एदो काळातली म्हणतोय. मापं जुळतात. जपानी शाकू म्हणजे ३०.३ सेंटिमीटर, आणि सेंदाई तान्सूचा रूढ आकार चार शाकू रुंद, तीन शाकू उंच. काळाच्या दाव्यावर मात्र पैसे लावू नका. एदो काळ १६०३ मध्ये सुरू झाला आणि १८६८ मध्ये संपला. उरुशीच्या (झाडाच्या चिकापासून बनणाऱ्या जपानी रोगणाच्या) लालसर पारदर्शक थराखाली दिसणारे केयाकीचे रेषे आणि वर ठोकून उठवलेले ड्रॅगन-सिंह ही सेंदाईची शैली खरी बहरली ती मेइजी काळात, म्हणजे १८६८ ते १९१२ दरम्यान. बाजारात ‘एदो’ म्हणून येणाऱ्या बहुतेक पेट्या मेइजी किंवा त्यानंतरच्या तैशो (१९१२ ते १९२६) काळातल्या असतात. त्यात कमीपणा काहीच नाही, पण एदोचा भाव देण्याचंही कारण नाही. माझ्या मते किंमत ठरते ती पेटीत किती फेरफार झालाय यावरून, वय त्यानंतर.

म्हणून विक्रेत्याकडे समोरून काढलेला आणखी एक सुंदर फोटो मागू नका. पाठ, तळ, दोन्ही बाजू, सगळे खण बाहेर काढल्यावरचा रिकामा सांगाडा, प्रत्येक खणाची मागची फळी आणि खालची बाजू, आणि कड्या बसवल्या आहेत तिथे खणाच्या आतला भाग, एवढे फोटो मागा. टाळाटाळ झाली तर विषय तिथेच संपवा.

पाठीपासून सुरुवात करा. पेटी भिंतीला लागून राहायची, त्यामुळे पाठीच्या फळ्या साध्या सुगीच्या (जपानी सीडर) किंवा किरीच्या (पॉलोनिया, वजनाला हलकं लाकूड) असतात आणि त्यांना रंग-पॉलिश काही नसतं. शंभर-सव्वाशे वर्षांत उघडं लाकूड हवेने आपोआप काळवंडतं, पण सारखं नाही. सांध्यांत आणि चौकटीखाली झाकलेल्या पट्ट्यात ते फिकट राहतं. सगळीकडे एकसारखा चहासारखा रंग दिसला तर तो डबीतून आलाय असं समजा. खणांच्या आत तर जुने कारागीर सहसा रंग लावत नसत. तिथे रंग असेल तर काहीतरी झाकलं असण्याचा संशय घ्या. फळ्यांवर टॉर्च आडवा धरून पाहा. हाताच्या रंध्याने काढलेल्या फळीवर हलक्या लाटा दिसतात आणि तळव्याला जाणवतातही. कमानीसारखे, समान अंतरावरचे ओरखडे म्हणजे गोल पात्याची यंत्राची करवत. ती जपानमध्ये मेइजीत हळूहळू पसरली, त्यामुळे तशा खुणा असलेली पेटी एदोची असण्याची शक्यता फार कमी.

आता लोखंड. मेहनत इथे करायची, कारण फसवणूक आणि दुरुस्ती दोन्ही इथेच पकडता येतात. कडी मूळची असेल तर तिची खुंटी फळीतून आरपार जाऊन आतल्या बाजूला तिचे दोन पाय फाकवून लाकडात ठोकलेले दिसतात, आणि त्याभोवती गंजाचा काळा डाग लाकडात मुरलेला असतो. तिथे नट-बोल्ट असेल तर कडी बदलली आहे. डाग आहे पण पाय नवे चकचकीत आहेत, तर जुनी कडी काढून पुन्हा बसवली असेल. हे चालतं, फक्त भाव करताना बोलायचं. समोरून पाहताना लोखंडी पट्ट्यांच्या कडेला रिकामी किंवा बुजवलेली खिळ्यांची भोकं आणि जुन्या पट्टीच्या आकाराची गडद सावली शोधा. सावली एका आकाराची आणि वरची पट्टी दुसऱ्या आकाराची, म्हणजे लोखंडकाम दुसऱ्याच पेटीचं. लटकती कडी वर्षानुवर्षं जिथे आपटते तिथे चंद्रकोरीसारखा ठसा पडतो. तो कडीच्या झोक्याशी जुळला पाहिजे. खिळ्यांची डोकी एकमेकांहून थोडी वेगळी हवीत. लोहचुंबक जरूर लावा, पण तो फक्त लोखंड आहे एवढंच सांगतो, वय नाही.

खण अदलाबदल करून घालून पाहा. मूळ पेटीत प्रत्येक खण आपल्याच जागी नीट बसतो, आणि मागच्या फळीवर बऱ्याचदा शाईने ‘वरचा उजवा’ अशा खुणा असतात. खणाच्या खालच्या कडा आणि ज्या पट्टीवर तो सरकतो ती पट्टी, दोन्ही सारख्याच झिजलेल्या हव्यात. एक गुळगुळीत आणि दुसरी धारदार असेल तर त्यांतलं काहीतरी नवं आहे. दोन मजली पेटी असेल तर वरच्या-खालच्या भागाचं पाठीचं लाकूड, खिळे आणि खोली ताडून पाहा. वेगवेगळ्या पेट्यांचे अर्धे भाग जोडून विकणं अगदी सर्रास चालतं.

शाईने लिहिलेली तारीख मिळाली तर सोनंच, पण आकडा नीट वाचा. मेइजी वर्षात १८६७, तैशो वर्षात १९११ आणि त्यानंतरच्या शोवा (१९२६ ते १९८९) वर्षात १९२५ मिळवले की इसवी सन येतं. मेइजी २३ म्हणजे १८९०. लेखन जुन्या मळाखाली आहे की मळावर, हे भिंगाने पाहा. मळावर तरंगणारी शाई ताजी असते.

उरुशीचा थर पुन्हा दिलेला असणं जपानमध्ये दोष मानत नाहीत. पट्ट्या उतरवून, लाकूड साफ करून, खरी उरुशी लावून पट्ट्या परत बसवल्या असतील तर मी ती पेटी नाकारणार नाही. नाकारायचं ते पॉलियुरेथेन, म्हणजे प्लॅस्टिकसारखं आधुनिक वार्निश. ओळख सोपी: चकाकी लोखंडाच्या कडेवरून खिळ्यांच्या डोक्यांपर्यंत ओघळलेली असते, कारण पट्ट्या न काढताच वरून फवारलेलं असतं. (उरुशीचं झाड आपल्या बिब्ब्याच्या कुळातलं. ओल्या चिकाने बिब्बा उततो तसंच अंग उततं. पूर्ण वाळलेल्या थराने नाही. म्हणून ‘आत्ताच दुरुस्त केली’ म्हणणाऱ्याला केव्हा केली ते विचारा.) कपडे ठेवायच्या किरीच्या पेट्यांबाबत नियम वेगळा: त्या रंध्याने तासून पुन्हा नव्यासारख्या करण्याची रीतच आहे, त्यामुळे पांढरंफटक किरी पाहून नकली म्हणू नका. तिथे एक खण झटकन आत ढकला. हवेच्या दाबाने दुसरा खण बाहेर आला तर जोडकाम उत्तम आहे.

सेंदाईपेक्षा नकलांचा सुळसुळाट इतर दोन प्रकारांत जास्त आहे. एक जिन्याच्या आकाराचा काइदान-दान्सू, जो जुन्या घरांच्या फळ्यांपासून आजही बनतो. दुसरा फुना-दान्सू, म्हणजे साकाता, मिकुनी आणि सादोच्या ओगी बंदरांत जहाजमालकांसाठी बनणारी जाड लोखंडाची लहान पेटी. शिवाय पुढची वरची अर्धी फळी खाली उघडणारी कोरियन पेटीही ‘जपानी’ म्हणून विकली जाते.

वाहतुकीचं गणित आकारमानावर चालतं. तुमची पेटी खोलीला ४५ सेंटिमीटर धरली तर अर्ध्या घनमीटरच्या आसपास, खोक्यासकट पाऊण ते एक. लाकडी खोक्यावर आयएसपीएम १५ चा (लाकडी खोक्यांतून कीड पसरू नये यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा) शिक्का हवा. त्यात सहसा लाकडाच्या गाभ्याला ५६ अंशांवर ३० मिनिटं उष्णता दिलेली असते. बबल रॅप थेट उरुशीवर गुंडाळू देऊ नका. कंटेनरच्या उष्णतेत त्याच्या गोल ठशांची नक्षी थरावर कायमची उमटते. आधी मऊ बिनआम्लाचा कागद, मग सुती कापड, मग बाकीचं. खण बांधून बंद करण्यासाठी चिकटपट्टी नको, सुती नाडी. दोन्ही बाजूंच्या लोखंडी कड्या दांडा घालून पेटी उचलण्यासाठी होत्या, पण आज त्यांना धरून उचलू नका. खण काढून पेटी तळातून धरायची. तुमच्या इमारतीची लिफ्ट आणि जिन्याचं वळण आधी मोजा. हस्तिदंत किंवा कासवाच्या पाठीचं जडावकाम असलेली कोणतीही वस्तू सोबत मागवू नका, कस्टम्समध्ये अडकेल आणि कायदा तुमच्या बाजूने नसेल. जून ते सप्टेंबरमध्ये माल उतरेल अशी वेळ टाळा.

पोचल्यावर पेटी लगेच इतर फर्निचरजवळ नेऊ नका. पाच-सहा आठवडे वेगळ्या खोलीत, खाली काळा कागद पसरून ठेवा. जुनी भोकं असणं चालतं. काळ्या कागदावर फिकट पिठासारखा ताजा भुसा पडला तर कीड जिवंत आहे. अशा वेळी उरुशीवर पेस्ट कंट्रोलचा फवारा मारू देऊ नका, पांढरे डाग राहतात. ज्याने संग्रहालयाची किंवा जुन्या फर्निचरची कामं केली आहेत अशा माणसाकडून, हवाबंद पिशवीत ऑक्सिजन काढून उपचार करून घ्या.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मुंबईचा दमटपणा केयाकी-सुगीला फारसा नवा नाही, जपानचा उन्हाळाही दमट असतो. घातक आहे ती उडी: पावसाळी ८५ टक्के आर्द्रता आणि शेजारी रात्रभर चालणारा एसी. रुंद फळी चौकटीत अडकलेली असेल तर आक्रसताना मधोमध चिरते. एसीचा झोत पेटीवर येऊ देऊ नका. हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) ठेवा, ४५ ते ६५ टक्क्यांच्या दरम्यान चढउतार सावकाश होत असतील तर चिंता नाही. भिंतीपासून चार बोटं आणि जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर अंतर ठेवा, ओल आणि वाळवी दोन्हींसाठी. थेट ऊन नको, उरुशी अतिनील किरणांनी निस्तेज होते आणि तो तोटा भरून निघत नाही. पुसायला कोरडं मऊ सुती कापड पुरे. बाजारातल्या सिलिकॉनच्या पॉलिश फवाऱ्यांना हात लावू नका. नंतर उरुशीची दुरुस्ती करणाऱ्याला थर चिकटवता येत नाही. लोखंड घासून चकचकीत करू नका, काळा मुलामा निघून गेला की खाऱ्या हवेत आठवड्यात तांबूस गंज येतो. वर्षातून एकदा मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात, तोही फक्त लोखंडावर.

जुलैत खण अडकतील. सुताराला बोलावून तासून घेऊ नका, जानेवारीत तेच खण खुळखुळतील. सरकपट्टीवर साधी मेणबत्ती घासा आणि ऑक्टोबरपर्यंत त्या खणात रोज लागणारं काही ठेवू नका.