ओपन सोर्सला मालक नसतो, मग त्यात शेवटचा शब्द कोणाचा चालतो?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की बारा माणसांच्या ऑफिसात लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी प्रणाली) आणि लिब्रेऑफिस (पत्रं-तक्त्यांचं सॉफ्टवेअर) आणायचं म्हणताय, पण साहेब विचारतात, "याला जबाबदार कोण?" ते वाचलं आणि हातातला चहा खाली ठेवला. हाच प्रश्न मला २०११ साली भर मीटिंगमध्ये विचारला गेला होता. तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही, ते अजून सलतंय.

आधी तुमच्या प्रश्नापुरतं सांगतो. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड, म्हणजे मूळ लिखाण, कोणालाही वाचता आणि बदलता येतं असं सॉफ्टवेअर. शेवटचा शब्द कोणाचाच नसतो ही भाबडी समजूत आहे. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, काय जाणार हे १९९१ पासून लिनस टॉरवल्ड्स ठरवतो. त्याच्या हाताखाली एकेका भागाचे मेंटेनर, म्हणजे राखणदार, बसलेत. त्याचं तोंड इतकं फाटकं होतं की २०१८ मध्ये त्याने स्वतःच माफी मागून काही आठवडे रजा घेतली. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेचा जनक गिडो व्हॅन रॉसमला तर 'तहहयात दयाळू हुकूमशहा' ही पदवीच होती. ':=' हे एवढंसं चिन्ह भाषेत घ्यावं का यावरून रणकंदन झालं, त्याने ते मंजूर केलं आणि जुलै २०१८ मध्ये वैतागून पद सोडलं. आता तिथे निवडून आलेल्या पाच जणांचं मंडळ आहे. थोडक्यात, हुकूमशाही आहे, पंचमंडळ आहे, आणि भाऊबंदकी तर विचारूच नका.

पण या भाऊबंदकीत वाटणी मागितली की दोन्ही भावांना अख्खं शेत मिळतं. २०१० मध्ये ऑरॅकलने ओपनऑफिस सांभाळणारी सन ही कंपनी घेतली, तेव्हा त्यावर काम करणारे बरेच जण कोड उचलून वेगळे झाले आणि त्याच वर्षी लिब्रेऑफिस उभं केलं. तुम्ही बसवणार आहात ते हेच.

आता माझं. मी सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत होतो. पद क्लार्कचं, काम कॉम्प्युटरचं सगळं. हिशेबाचं सॉफ्टवेअर फॉक्सप्रोमधलं, एका लहानशा कंपनीचं, मशीनच्या मागे डोंगल, म्हणजे किल्लीसारखा खुंटा, खोचल्याशिवाय न उघडणारं. मी मांडलं की पत्रं आणि नोटिसा फुकटच्या ऑफिस-सॉफ्टवेअरवर करू, आणि सभासदांच्या याद्या युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच राहते त्या पद्धतीत) काढून ठेवू. चेअरमन अण्णांनी चष्मा वर केला.

"याचा मालक कोण?"

"असा कोणी एक नाही अण्णा."

"मग उद्या बिघडलं तर नरडं कोणाचं धरायचं, तुझं?"

संचालक हसले. पुढचा विषय स्नेहसंमेलनाच्या जेवणाचा होता, त्याला पाऊण तास दिला.

मार्च २०१४, तारीख २७. डोंगल मेलं. कंपनीला फोन लावला तर नंबर बंद. मालकाने धंदा गुंडाळून दीड वर्ष झालं होतं, आणि आम्ही वार्षिक देखभालीचे पैसे भरलेले. काउंटरवर पिग्मी एजंट वह्या घेऊन उभे, ऑडिटर रोज विचारतोय, आणि नरडं धरायला कोणी नाही. (हा चटका टॉरवल्ड्सलाही बसलाय. कर्नलवाले कोडमधल्या बदलांची नोंद ठेवायला बिटकीपर नावाचं, कोड न दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट वापरायचे. २००५ मध्ये मालकाने ती सवलत काढून घेतली, तेव्हा टॉरवल्ड्सने त्याच कामासाठी गिट हे सॉफ्टवेअर लिहायला घेतलं.)

डेटा फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइलींमध्ये होता. तो फॉरमॅट सगळ्यांना माहीत असलेला, पायथॉनने सहज वाचला. आकडे तासाभरात आले. नावं येईनात. जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसायचं, पण आत नुसता रोमन अक्षरांचा कचरा. इंटरनेटवर एकाने फुकट ठेवलेली फॉन्ट बदलायची स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) सापडली, ती चालवली, आणि त्या रात्री अख्ख्या संस्थेचं 'कर्ज' 'कजर्' झालं. सूर्यकांत 'सूयर्कांत', वर्ष 'वषर्'. कारण साधं होतं. जुन्या फॉन्टमध्ये रफार अक्षरानंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये र् आधी लागतो. रेघांच्या वहीत एकेक चिन्ह लिहून मी रफार उचलून मागे नेऊन बसवणारा तुकडा लिहिला. ३० तारखेच्या पहाटे तेरीज (सगळ्या खात्यांची बेरीज) जुळली, तेव्हा ऑफिसात मी आणि वॉचमन काका दोघंच. त्यांनी शेव-चिवडा काढला.

मग मी माझी दुरुस्ती त्या स्क्रिप्टवाल्याला पाठवली. वाटलं, शाबासकी मिळेल. उत्तर आलं: दोन वेगळे बदल एकत्र पाठवू नका, चाचणीची उदाहरणं कुठायत, ओळ ४० मध्ये पहिल्या वेलांटीबरोबर आलेला रफार तुटतोय. तीन दिवस मी त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. चौथ्या दिवशी 'आर्थिक' तपासून पाहिलं. तुटत होता. सुधारून पाठवलं, त्याने घेतलं. 'कऱ्हाड'मधल्या ऱ्ह ची दुरुस्ती मात्र नाकारली, हिंदीत लागत नाही म्हणाला. आमच्या निम्म्या पत्त्यांत कऱ्हाड! मी माझी वेगळी प्रत ठेवली आणि तीच वापरली. त्याची परवानगी लागली नाही, तो रागावलाही नाही.

दोघांनीही मला 'नाही' म्हटलं, अण्णांनी आणि त्या स्क्रिप्टवाल्याने. एकाने चारचौघांत हसं केलं. दुसऱ्याने कारण लिहून दिलं, ते कोणालाही वाचता येतं, आणि पटलं नाही तर दार उघडं ठेवलं. अधिकार दोघांकडेही होताच. अण्णांना जबाबदार माणूस नको होता, वार्षिक सभेत बोट दाखवायला एक नाव हवं होतं. विकतच्या सॉफ्टवेअरबरोबर येणारा करार कधी वाचलाय का? बहुतेकांत लिहिलेलं असतं की तुमच्या नुकसानीला आम्ही जबाबदार नाही. साहेबांना तेवढं पान वाचून दाखवा.

आणि पुढे काय झालं? एप्रिलच्या मीटिंगमध्ये माझ्या अभिनंदनाचा ठराव झाला. त्याच मीटिंगमध्ये नवीन सॉफ्टवेअर घ्यायचाही ठराव झाला. डोंगलवालं. अण्णा, तुमचा नातू हे कधी वाचत असेल तर त्याने तुम्हाला दाखवावं.

फार चढवूनही सांगत नाही. उघड कोड म्हणजे सुरक्षित कोड असं नसतं. २०२४ मध्ये फाइली लहान करणाऱ्या एक्सझेड या लायब्ररीत (इतर प्रोग्रामांना लागणाऱ्या तयार कोडात) एकाने दोन वर्षं गोडीगुलाबीने काम करून, थकलेल्या मेंटेनरचा विश्वास कमावून चोरवाट घुसवली. पकडली गेली कारण आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे खटकलं. आणि फुकट म्हणजे बिनखर्ची नाही. गावातला एखादा जाणता पोरगा महिन्याच्या पैशांवर बांधून घ्या, म्हणजे साहेबांना नरडंही मिळेल. टॅलीसारखं विंडोजवरचं हिशेबाचं काही चालू असेल तर ते एक मशीन आहे तसं राहू द्या.

बदल मार्चमध्ये अजिबात करू नका, जूनमध्ये करा. आधी दोन मशीनवर. जुन्या फॉन्टमधली पत्रं असतील तर त्यातली दहा बदलून प्रिंट काढा आणि टायपिंगवाल्या बाईंना वाचायला द्या. 'कर्ज', 'आर्थिक' आणि 'दुसऱ्या' नीट आले असतील तर पुढचं जमेल.