जमिनीचं नंतर बघू, आधी विम्याचा फॉर्म काढा

प्रश्न: मी परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातला, वय २७. गावच्या तालमीत कुस्ती केली, आता एमएमएच्या (कुस्ती, बॉक्सिंग वगैरे एकत्र असलेला लढतीचा खेळ) व्यावसायिक लढती खेळतो. वर्षाला चार लढती, एकीचे ५० हजार; आयोजक १० टक्के कापून देतात. संभाजीनगरच्या जिममध्ये शिकवतो, त्याचे महिना १८ हजार. घरी बायको आणि दोन वर्षांची मुलगी आहे. यूएफसीसाठी (एमएमएच्या लढती भरवणारी मोठी अमेरिकी कंपनी) वर्षभर थायलंडला सराव करायचा आहे, खर्च १५ लाख. वडिलांच्या तीन एकरांतला एक एकर विकू का? बचत म्हणून नात्यातल्या मामांकडून पॉलिसी घेतली आहे: वर्षाला एक लाख, १० वर्षं भरायचे, २० व्या वर्षी २० लाख मिळणार, विमा १० लाखांचा. दोन हप्ते भरलेत. खेळाचं लिहिलं तर हप्ता वाढतो म्हणून मामांनी फॉर्मवर व्यवसाय ‘शेती’ टाकला.

उत्तर: जमीन विकू नका. कारण पुढे सांगतो, पण तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य त्या एकरापेक्षा मोठं आहे.

विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पहिल्या तीन वर्षांत कंपनी दडवलेल्या माहितीवरून पॉलिसी रद्द करू शकते. तुम्ही अजून त्या तीन वर्षांतच आहात. उद्या लढतीत किंवा सरावात तुमचं काही बरंवाईट झालं, तर चौकशीला आलेल्या माणसाला तुमच्या लढतींचे व्हिडिओ पाच मिनिटांत सापडतील आणि दावा फेटाळला जाईल. फॉर्म मामांनी भरला होता हे तेव्हा कोणी ऐकणार नाही, सही तुमची आहे. मामा म्हणतील, तीन वर्षं गप्प बस, मग कोणी विचारत नाही. ऐकू नका. गप्प बसून निभावलं तरी बायकोच्या हाती येणार १० लाख. महिना २० हजारांच्या घरखर्चाला ते चार वर्षं पुरतील. मुलगी तेव्हा सहा वर्षांची असेल.

आणि बचत म्हणाल तर हिशोब बघा. पैसे सरासरी पंधरा वर्षं अडकतात आणि दुप्पट होतात, म्हणजे वर्षाला साडेचार-पावणेपाच टक्के. पीपीएफ याहून जास्त देतो. लढतींचे वर्षाला दोन लाख येतात. खुराक, फिजिओ, तपासण्या, प्रवास यांत लढतीमागे २५ हजार तरी जात असतील. उरला एक लाख. तोच पॉलिसीत जातो! अंगावर मार झेलून कमावलेला सगळा पैसा असल्या योजनेत घालायला लावणाऱ्यांचा मला राग येतो, मग ते नात्यातले का असेनात.

आता खेळाचं स्पष्ट लिहून ५० लाखांच्या टर्म विम्याचा (बचत नाही, फक्त मृत्यूनंतर घरच्यांना रक्कम) अर्ज करा. कंपनी जादा हप्ता मागेल, एखादी नाहीही म्हणेल, दुसरीकडे जा. होकार लेखी आला की जुन्या पॉलिसीची सरेंडर व्हॅल्यू (मध्येच बंद केल्यास परत मिळणारी रक्कम) लेखी मागवा आणि तिसरा हप्ता भरू नका. दोन लाखांतले काही बुडतील. उरलेले आठ लाख वाचतील.

आरोग्य विम्याचा तुम्ही उल्लेखच केलेला नाही. कुटुंबासाठी तो घ्याच, पण व्यावसायिक म्हणून धोकादायक खेळ खेळताना झालेली दुखापत बहुतेक पॉलिसींत वगळलेली असते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंत उपचार होतात, पण ठरावीक आजारांवर आणि ठरावीक रुग्णालयांत. म्हणजे गुडघ्याचा लिगामेंट तुटला तर खर्च बहुधा तुमच्याच खिशातून: खासगीत शस्त्रक्रियेला दीड-दोन लाख, वर नऊ महिने लढत नाही आणि बहुधा शिकवणीही नाही. चार लाख बाजूला हवेत. पॉलिसीचा हप्ता तिकडे वळवला तर चार वर्षांत जमतात.

त्यात भर घालायला तुमचेच पैसे पडून आहेत. आयोजक कापतात ते १० टक्के म्हणजे टीडीएस, आधीच कापलेला आयकर, वर्षाला २० हजार. तुमच्या उत्पन्नावर कर शून्य येतो, पण रिटर्न भरल्याशिवाय पैसे परत येत नाहीत. भरत नसाल तर या वर्षी भरा.

आता जमीन. अंशुल जुबली फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘रोड टू यूएफसी’ ही यूएफसीत प्रवेश देणारी स्पर्धा जिंकून आत गेला. ऑक्टोबरमध्ये अबू धाबीला पहिल्या दोन फेऱ्यांत पुढे असूनही तिसरीत नॉकआउट झाला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सिडनीला १९ सेकंदांत हरला. पूजा तोमर जून २०२४ मध्ये पहिली लढत जिंकली. तिथवर पोहोचलेले भारतीय हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. नवख्याला उतरण्याचे साधारण १२ हजार डॉलर, जिंकल्यास तेवढेच वर. हरलात तर दहा लाख रुपये धरा. अमेरिकेत लढत असेल तर ३० टक्के कर तिथेच कापला जातो, मॅनेजर-कोचचे २० टक्के. हाती पाच लाख. करार मिळाला तरी तीन लढती हरल्यावर एका एकराचे पैसे निघतील. करार न मिळाल्यास एकर गेला तो गेला. शिवाय जमीन वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीनंतर बहिणींचा वाटा तुमच्याइतकाच आहे, त्यांना विचारल्याशिवाय सौदा करू नका.

सरावाला जायचंच असेल तर तीन महिने जा. तुमच्याच आकड्याने पावणेचार लाख होतात. दुखापतीचा निधी पूर्ण झाल्यावर, साठवलेल्या पैशातून.

पुढच्या लढतीच्या करारात दुखापतीच्या उपचाराचं कलम आहे का ते सही करण्याआधी बघा. यूएफसी २०११ पासून करारबद्ध खेळाडूंना सरावातल्या दुखापतींसाठीही अपघात विमा देते, तेव्हा आयोजकाकडे निदान लढतीपुरता विमा मागण्यात संकोच नको. कराराची प्रत पाठवलीत तर ते कलम मी वाचून सांगेन.