तो तर तीन वर्षांत परत गेला

चि. ओवीस अनेक आशीर्वाद.

चेक संगीतकार द्वोर्झाक अमेरिकेत असताना जिथे एक उन्हाळा राहिला, त्या स्पिलव्हिलहून शनिवारी परत येताना तू गाडीत विचारलेल्या प्रश्नाला मी उत्तर दिले नाही. पेट्रोल भरायचे निमित्त करून उतरलो आणि विषय तिथेच पडू दिला. तू म्हणालीस, "बाबा, द्वोर्झाक तर तीन वर्षांत घरी परत गेला. तू एकोणीस वर्षं इथेच आहेस. मग जेवताना मराठीच बोलायचं, हा नियम कोणासाठी आहे? माझ्यासाठी, की तुझ्यासाठी?" आईने तुला दटावले, पण प्रश्न उद्धट नव्हता. मला तो लागला, कारण गेली काही वर्षे मी तो स्वतःला विचारायचे टाळत होतो.

देवनागरी वाचायला तुला वेळ लागतो हे ठाऊक असूनही मराठीत लिहितो आहे. यालाही तू लादणे म्हटलेस तर नाही म्हणणार नाही. अडेल त्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मार, रात्री बघू.

शाळेच्या वाद्यवृंदात त्याची सिंफनी वाजवता म्हणून, आणि तोही तुझ्यासारखा व्हायोला वाजवत असे म्हणून, तू प्रकल्पासाठी द्वोर्झाक निवडलास. तुझ्या तक्त्यात जन्म, शिक्षण, प्रमुख रचना, मृत्यू असे सगळे रकाने आहेत. मी तो तक्ता तुझ्यामागे पुन्हा वाचला, आणि एका ओळीवर अडखळलो. १८४१ साली प्रागच्या उत्तरेला व्हल्टावा नदीकाठच्या नेलाहोझेवेस गावी, खाटकाचा व्यवसाय आणि खानावळ चालवणाऱ्या घरात जन्मलेल्या या थोरल्या मुलाला बारा-तेराव्या वर्षी घरातून दुसऱ्या गावी, झ्लोनित्सेला, मामाकडे पाठवले, ते कशासाठी? जर्मन शिकण्यासाठी. बोहेमियावर, म्हणजे त्याच्या चेक मुलखावर, तेव्हा ऑस्ट्रियाचे राज्य होते आणि जर्मन आल्याशिवाय धंद्यात पाऊल पुढे पडत नसे.

मला आठवीत मिरजेहून पुण्याला आत्याकडे ठेवले, ते इंग्रजी सुधारावे म्हणून. तुझ्या आजोबांचे किराणा दुकान होते, आणि "पोराला फाडफाड बोलता आलं पाहिजे" हे त्यांचे एकच म्हणणे होते. आत्या प्रेमळ होती, पण तिच्या घरी जेवताना इंग्रजी बोलायचा नियम होता. चपाती तोंडात धरून "प्लीज पास द भाजी" म्हणताना मला मेल्याहून मेल्यासारखे होई. हे मी तुला आजवर सांगितले नव्हते. सांगितले असते तर तू लगेच म्हणाली असतीस की मग तूही तेच करतो आहेस, फक्त भाषा उलटी. उत्तर माझ्याकडे नसते.

द्वोर्झाक जर्मन शिकला, पण झ्लोनित्सेच्या मास्तरांकडे, अँटोनिन लीमान यांच्याकडे, तो ऑर्गन आणि व्हायोलाही शिकला, आणि घराण्याचा धंदा सुटला तो सुटलाच. (मी त्याला एकेरीत बोलावतो आहे, पण आपण तुकोबालाही एकेरीतच हाक मारतो.) सोळाव्या वर्षी प्रागच्या ऑर्गन शाळेत, मग हंगामी नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात नऊ वर्षे व्हायोला, वर शिकवण्या. त्यातल्याच एका शिकवणीत तो योसेफिना नावाच्या मुलीच्या प्रेमात पडला. तिने दाद दिली नाही आणि पुढे १८७३ मध्ये त्याने तिच्या धाकट्या बहिणीशी, ॲनाशी, लग्न केले. तिशी ओलांडली तरी प्रागबाहेर त्याला कोणी ओळखत नव्हते. १८७५ मध्ये गरीब कलावंतांसाठीची ऑस्ट्रियाची चारशे गिल्डरची सरकारी वृत्ती त्याला मिळाली आणि १८७७ मध्ये संगीतकार ब्राह्म्सने आपल्या बर्लिनच्या प्रकाशकाकडे, झिमरॉककडे, त्याची शिफारस केली. १८७८ च्या 'स्लाव्ह नृत्यां'नी एका वर्षात त्याचे नाव युरोपभर केले.

नावावरून आठवले. झिमरॉक मुखपृष्ठावर 'अँटोन' असे जर्मन वळणाचे नाव छापी, कारण खप जर्मन बाजारात होता. द्वोर्झाकला 'अँटोनिन' हवे होते आणि शीर्षके चेकमध्येही हवी होती. वर्षानुवर्षे पत्रे गेली. कलावंतालाही मायभूमी असते, असे त्याने एका पत्रात प्रकाशकाला सुनावले. शेवटी तोड निघाली ती 'अँट.' अशी: पुढचे ज्याने त्याने आपल्याला हवे तसे वाचावे. मला ही तोड फार आवडते, कारण मीही तेच केले आहे. आपल्या 'काळे' आडनावाला इथे सगळे 'केल' म्हणतात, त्या हिरव्या भाजीसारखे, आणि गेली एकोणीस वर्षे मी फोनवर स्वतःच "धिस इज केल" म्हणतो. द्वोर्झाकच्या नावातला तो 'र' आणि 'झ' एका दमात म्हणायचा उच्चार परक्याला जसा जमत नाही, तसा आपला 'ळ'. मिरजेत शाळेच्या हजेरीत तो स्वच्छ ऐकू येत असे; आता फक्त आजी फोनवर म्हणते तेव्हा.

तर तो अमेरिकेत आला, १८९२ च्या सप्टेंबरात. न्यूयॉर्कच्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरी या संगीतशाळेच्या संस्थापक जेनेट थर्बर यांनी त्याला वर्षाला १५,००० डॉलर देऊ केले होते, प्रागच्या पगाराच्या कितीतरी पट. तू लिहिलेस की तो 'अमेरिकन संगीत शोधायला' आला. आला असेलही, पण सहा मुलांच्या बापाने हा आकडा वाचून काय केले असेल हे मला तुझ्यापेक्षा जास्त कळते. सहांपैकी दोघांना त्याने बरोबर आणले, चौघे मागे राहिली. त्याला आगगाड्यांचे वेड होते. मलाही होते, मिरज जंक्शनला तेव्हा ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेज तिन्ही रूळ होते आणि दुकानातून पळून मी इंजिनांचे क्रमांक वहीत लिहीत असे. न्यूयॉर्कच्या स्थानकात बिनतिकिटाचे फलाटावर सोडत नसत, म्हणून हा दूर १५५ व्या रस्त्यापर्यंत जाऊन गाड्या बघे, आणि नाहीतर बंदरावर जाऊन युरोपला निघालेली जहाजे. रात्री फोनवर मी मुंबईकडे जाणाऱ्या विमानांचा नकाशा बघत बसतो, त्याला तुम्ही दोघी हसता, म्हणून हे सांगितले.

१८९३ चा उन्हाळा. मागची चार मुलेही आली आणि सगळे कुटुंब आयोवातल्या स्पिलव्हिलला गेले, कारण त्याचा मदतनीस कोवार्झिक तिथला होता आणि गाव बहुतांशी चेक होते. ज्या घरात ते राहिले त्यात आता लाकडी कोरीव घड्याळे आहेत. ती बघताना तुला कंटाळा आला हे मी पाहिले. पण सेंट वेन्सेस्लॉसच्या चर्चमध्ये तू ऑर्गनकडे मान वर करून किती तरी वेळ उभी होतीस. तो सकाळी लवकर उठून नदीकाठी पाखरे ऐकत फिरे आणि मग प्रार्थनेला तिथे जाऊन ऑर्गन वाजवी. पहिल्या सकाळी सवयीने प्रार्थनेला आलेल्या म्हाताऱ्या, कधी नव्हे ते वाजणारा ऑर्गन ऐकून चमकल्या, आणि ओळखीचे चेक भजन निघताच गाऊ लागल्या. पोहोचल्याला तीन दिवस झाले नाहीत तोच त्याने चार तंतुवाद्यांचे चतुष्टक लिहायला घेतले आणि आणखी तीन दिवसांत त्याचा कच्चा आराखडा संपवला. पहिली धून कोण वाजवते हे तुला सांगायला नको: व्हायोला.

त्या म्हाताऱ्यांचे वाचताना मला माझी आजी दिसली. कार्तिकात ती मला पहाटे साडेचारला उठवून विठ्ठलाच्या देवळात काकडआरतीला नेई. स्वेटरवरून मफलर, पायाखाली गार फरशी, तुपाच्या वातीचा वास, आणि पेटीवर बसणाऱ्या शिंपीकाकांचा एक सूर नेहमी किंचित चढा. मला देव कळत नव्हता, आजही नीट कळत नाही. मी जात असे ते नंतर मिळणाऱ्या गूळ-खोबऱ्यासाठी. तरी त्या अभंगांची चाल आज गाडी चालवताना आपोआप तोंडात येते, आणि त्या वेळी मी कुठे आहे याने काही फरक पडत नाही. हे तुला देता येण्यासारखे नाही. कदाचित देऊही नये.

आता एक गोष्ट माझ्या बाजूविरुद्ध. द्वोर्झाकची पहिली तिन्ही मुले दोन वर्षांत गेली. शेवटचा, छोटा ओटाकार, १८७७ मध्ये बापाच्या वाढदिवशीच देवीच्या रोगाने. त्या काळात त्याने 'स्टाबाट माटेर' हे ख्रिस्ती शोकस्तोत्र पुरे केले, आणि त्याचे शब्द चेक नाहीत, लॅटिन आहेत. म्हणजे मोठे दुःख मांडायला मायबोलीच लागते असे काही नाही. मी अनेकदा तुझ्यापुढे तसे ठासून बोललो आहे, ते चूक होते.

पण १८९४ च्या मार्चमध्ये, न्यूयॉर्कमध्ये, त्याने दहा 'बायबल गीते' लिहिली, आणि ती जुन्या क्रालित्से बायबलच्या चेक शब्दांवर. त्याच महिन्याच्या २८ तारखेला त्याचे वडील तिकडे वारले. तो अटलांटिकच्या या तीरावर होता.

तुझे आजोबा गेले तेव्हा तू दोन वर्षांची होतीस. फोन आला तेव्हा मी कार्यालयात होतो. साहेबांना सांगायला गेलो आणि तोंडातून निघाले, "माय फादर हॅज एक्स्पायर्ड." ते गोंधळून माझ्याकडे बघत राहिले, एक्स्पायर होते ते दूध. पुण्याला आत्याकडे शिकलेले इंग्रजी त्या क्षणी एवढेच उरले होते. मिरजेला पोहोचलो तिसऱ्या दिवशी, तेव्हा सगळे आटोपले होते. दारात आजी "गेले रे" एवढेच म्हणाली, आणि त्या दोन शब्दांना मला रडता आले. जेवणाच्या टेबलावरचा नियम मी परत आल्यावर त्याच महिन्यात सुरू केला. आता तू ठरव तो कोणासाठी होता.

द्वोर्झाक १८९५ च्या एप्रिलमध्ये परत गेला. घरची ओढ होती, पण मंदीमुळे थर्बरबाईंकडून पगारही वेळेवर मिळत नव्हता, हे तक्त्यात घाल. नुसत्या ओढीने कोणी परत जात नाही. जाताना त्याच्याजवळ चेलो कॉन्सर्टो होता. महिन्याभरात योसेफिना वारली, तेव्हा तिला आवडणाऱ्या त्याच्याच एका गाण्याची सुरावट घालून त्याने शेवट बदलला. पुढे 'रुसाल्का' हा ऑपेरा झाला, १९०४ मध्ये तो गेला, प्रागच्या व्हिशेह्राडला पुरला. मी परत का गेलो नाही, याचे कारण साधे आहे: दर वर्षी पुढच्या वर्षी जायचे होते. मग तू शाळेत जाऊ लागलीस.

स्पिलव्हिलच्या दफनभूमीत तू जुने लोखंडी क्रूस मोजत होतीस, तेव्हा मी त्यांवरचा चेक मजकूर आणि अलीकडच्या दगडांवरचा इंग्रजी मजकूर बघत होतो. ती माणसे काही दुःखी झाली नाहीत. खाली हॉलमध्ये त्यांची नातवंडे-पणतवंडे इंग्रजीत हसत 'कोलाचे' नावाचे गोड चेक पाव विकत होती, आणि तू दोन खाल्लेस.

इंग्रजी शब्दाला पंचवीस सेंट दंडाचा तो श्रीखंडाचा डबा मी आज फडताळातून काढला. एकतीस डॉलर निघाले, त्यातले निम्मे तरी माझेच असतील. पैसे तुझ्या टेबलावर आहेत. डबा धुऊन ठेवला आहे, लोणच्याला होईल. मी जेवताना मराठीतच बोलेन, कारण दिवसभरात तेवढाच अर्धा तास मिळतो. तू ज्या भाषेत बोलशील त्या भाषेत मला ऐकू येईल.

तुझा,
बाबा

ता. क. गजासाठी सांगितलेली राळ आली आहे. वाद्याच्या पेटीत ठेवली आहे.