गेम बंद पडलाय? आधी वीज बघा

(वाचकांचे प्रश्न. या वेळचा विषय : जुन्या गेम कन्सोलची दुरुस्ती. उत्तरं देणाऱ्या काकू टेलिफोन खात्यातून तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झाल्या आहेत. बंद पडलेले कन्सोल उघडणं हा त्यांचा छंद.)

काकू, माळा आवरताना बाबांचा नव्वदच्या दशकातला टीव्ही गेम सापडला. सोबत '९९९९ इन १' कॅसेट आणि बंदूक आहे. पिवळी-पांढरी पिन नाही, फक्त अँटेनाची वायर. नव्या टीव्हीवर नुसत्या मुंग्या येतात. (मिरज)

ही मशीन म्हणजे १९८३ साली जपानमध्ये आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या गेम कन्सोलची नक्कल. आत बघाल तर बहुतेकांत एक काळा डांबरासारखा ठिपका असतो आणि अख्खा कन्सोल त्या ठिपक्याखाली. तो सहसा मरत नाही. मरतो तो अडॅप्टर, नाहीतर त्याची मानेजवळ तुटलेली वायर. म्हणून मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं मीटर) घ्या. आत ७८०५ लिहिलेला तीन पायांचा रेग्युलेटर दिसेल, तो आलेली वीज पाच व्होल्टवर आणतो. गेम चालू करून त्याच्या मधल्या पायावर काळी आणि बाहेर जाणाऱ्या पायावर लाल पिन टेकवा. पाच व्होल्ट आले की निम्मं काम झालं. नसतील तर चिपकडे बघूसुद्धा नका, मागे अडॅप्टरकडे जा.

पाच व्होल्ट असूनही मुंग्याच असतील तर टीव्ही 'अँटेना, अॅनालॉग'वर ठेवून हाताने ट्यून करा. नव्या टीव्हीचा आपोआप शोध असले कमजोर सिग्नल सोडून देतो. तरीही जमलं नाही तर मला आवडणारा उपाय करा. अँटेनाची वायर जिथून निघते तिथे पत्र्याची छोटी डबी असते, तो चित्र-आवाजाचा अँटेनाचा सिग्नल बनवणारा मॉड्युलेटर. डबीत शिरणाऱ्या वायरींपैकी एक पाच व्होल्टची, एक चित्राची, एक आवाजाची असते. चित्र डबीत शिरण्याआधीच उचलायचं, एक ट्रान्झिस्टर आणि दोन-तीन रेझिस्टरमधून पिवळ्या सॉकेटला द्यायचं. चित्र असं स्वच्छ येतं की बाबा विचारतील, हाच का तो गेम! प्लास्टिकला मोठं भोक मात्र पाडू नका. वायर मागच्या जुन्याच भोकातून काढा. उद्या कुणाला मूळ रूप हवं असेल तर परत करता आलं पाहिजे.

बंदूक नव्या टीव्हीवर चालणार नाही, दुरुस्त करूनही नाही. बदकं मारायच्या गेममध्ये घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीतला प्रकाशाचा सेन्सर तो चौकोन नेमक्या त्याच क्षणी शोधतो. जुन्या काचेच्या टीव्हीवर चित्र तिथल्या तिथे उमटतं, एलसीडीवर ते उशिरा पोचतं. बंदुकीचा दोष नाही.

आणि ते ९९९९ गेम? मोजून पाहू नका. थोडेच आहेत, तेच पुन्हापुन्हा, कुठे दुसऱ्या लेव्हलपासून सुरू होणारे, कुठे नुसतं नाव बदललेलं.

मामांनी अमेरिकेहून सेगा जेनेसिस (पहिलं मॉडेल) पाठवलं. अडॅप्टर पिन बदलून आपल्या सॉकेटला लावला, वास आला आणि सगळं बंद. कन्सोल गेला का? (नागपूर)

बहुधा नाही. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. पिन बदलणारा ट्रॅव्हल प्लग व्होल्टेज बदलत नाही. त्या जड अडॅप्टरमध्ये ट्रान्सफॉर्मर आहे. त्याला जवळजवळ दुप्पट दाब मिळाला, तो तापला आणि जळाला. तो असा लवकर जळाला ते तुमच्या पथ्यावर पडलं. कन्सोलमध्ये त्याच ७८०५ रेग्युलेटरची जोडी असते. त्यांना ३५ व्होल्टपर्यंतची आवक सहन होते, त्यामुळे चिपांपर्यंत पाचच व्होल्ट पोचले असण्याची शक्यता चांगली. त्यांच्या आधीचा मोठा कपॅसिटर (वीज साठवणारा डबीसारखा भाग) फुगलाय का ते बघा. फुगला असेल तर तेवढीच किंवा जास्त व्होल्टची मर्यादा लिहिलेला बसवा.

आता खरा सापळा. नवा ९ व्होल्टचा, किमान १.२ अँपिअरचा अडॅप्टर घ्यायला जाल. दुकानदार जो देईल त्याची मधली पिन बहुधा 'प्लस' असेल. पहिल्या मॉडेलला मधली पिन 'मायनस' लागते. अडॅप्टरवरचं वर्तुळाचं चित्र बघा आणि मीटरने तपासल्याशिवाय लावू नका. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत पाहिजे तसा अडॅप्टर मिळतो. फक्त विचारताना 'गेमचा द्या' म्हणू नका, 'नऊ व्होल्ट, सेंटर निगेटिव्ह' म्हणा.

एक्सबॉक्स ३६० परदेशातून आणणाऱ्यांनीही हेच वाचावं. त्याचा अमेरिकन पॉवर ब्रिकही आपल्या विजेसाठी नसतो.

पीएस-टू (प्लेस्टेशन-टू) स्लिम सीडी वाचत नाही. दुकानदार म्हणतो, चिप बसवा. (इयत्ता अकरावी, चिपळूण)

चिपळूणच्या हवेत आधी भिंग बघायचं, बाळा. झाकण उघड, आयसोप्रॉपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओला केलेला कापसाचा बोळा हलक्या हाताने फिरव, सुकू दे. फुंकर नको, थुंकी बसते. पावसाळ्यात कन्सोल कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेव. पीएस-फोर असलेल्यांनी तर झुरळांकडेही लक्ष द्यावं. पॉवर सप्लायची ऊब त्यांना फार आवडते.

दुकानदार म्हणतो ती चिप कन्सोलचं नकली डिस्क रोखणारं कुलूप चुकवते; न वाचणाऱ्या लेझरवरचं ते औषधच नाही. स्वतः बनवलेले छोटे प्रोग्राम चालवून बघायचे असतील तर 'फ्री मॅकबूट' हा प्रोग्राम टाकलेलं मेमरी कार्ड पुरतं, सोल्डरिंग लागत नाही. शेवटच्या ९०००० मालिकेतल्या बऱ्याच मशीनवर मात्र ते चालत नाही. मागचा मॉडेल नंबर बघून घे. चोरीचे गेम चालवायला म्हणून कुलूप तोडायचं असेल तर मला विचारू नकोस. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आलेल्या कलम ६५अ मध्ये त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

हात न लावता गेममधला माणूस आपोआप डावीकडे चालतो. (पणजी)

कंट्रोलरच्या काडीखाली ती किती वळली ते मोजणारा पोटेन्शियोमीटर असतो, त्याचा कार्बनचा पट्टा झिजलाय. स्प्रे मारून चार दिवस बरं वाटेल. काडीचा पूर्ण सुटा भाग बदला आणि मिळाला तर चुंबकावर चालणारा, हॉल इफेक्टचा घ्या. त्यात घासणारा पट्टाच नसतो.

टॉवेलमध्ये गुंडाळून तापवलं की लाल दिव्यांचा एक्सबॉक्स ३६० सुरू होतो, हे खरं का? (सोलापूर)

लाल दिवे म्हणजे आतला बिघाड. तापवल्यावर काही वेळा सुरू होतो, आणि पुन्हा बंद पडतो. तो दोष इतका पसरला होता की मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये वॉरंटी तीन वर्षांची केली आणि शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. टॉवेलने ते सुटणार होतं का? शिवाय आग लागण्याची भीती.

सुरुवातीला कोणती हत्यारं घ्यावीत? (नाशिक)

मल्टिमीटर, तापमान ठरवता येणारं सोल्डरिंग आयर्न, फ्लक्स (सोल्डर नीट चिकटावं म्हणून लावायचा), आणि निन्टेन्डो-सेगाच्या विचित्र स्क्रूंसाठी ३.८ व ४.५ मिलिमीटरचे गेमबिट (त्या स्क्रूंचीच खास पेचकसाची टोकं). वितळवलेल्या पेनाने ते स्क्रू उघडू नका, डोकी खराब होतात. आणि पॉवर सप्लाय आतच असलेला कन्सोल प्लग काढल्या काढल्या उघडू नका. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट साठलेले असतात, प्लग काढल्यावरही थोडा वेळ राहतात. तिथे मीटर लावल्याशिवाय बोट लावायचं नाही.