वाचकांचे प्रश्न : वाक्य जोडता आले पाहिजे

प्रश्न : मी सहावीला मराठी शिकवते. केवल, संयुक्त, मिश्र वाक्ये मुले बरोबर ओळखतात, वाक्यरूपांतरात गुणही घेतात. निबंधात मात्र एकतर चार-चार शब्दांची तुटक वाक्ये, नाहीतर 'आणि मग... आणि मग' अशी लांबलचक गाडी. व्याकरण पुन्हा पहिल्यापासून घ्यावे का?

उत्तर : नको. वाक्याचा प्रकार ओळखता आला म्हणून तसे वाक्य बांधता येतेच असे नाही, त्यासाठी वाक्ये जोडण्याचा वेगळा सराव लागतो. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन या अमेरिकी अभ्यासकांनी २००७ साली चौथी ते बारावीच्या विद्यार्थ्यांवरील लेखनप्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात वाक्ये जोडण्याच्या सरावाचा सरासरी परिणाम ०.५० निघाला, तर सुट्या व्याकरणाच्या शिकवणीचा उणे ०.३२ (शून्याच्या वर म्हणजे तुलनेच्या गटापेक्षा लेखन सरस, खाली म्हणजे कमी). व्याकरण टाकून द्या असा याचा अर्थ नाही. जोडताना अडेल तेव्हा तेवढा नियम सांगा, तो लक्षातही राहतो.

आठवड्यातून तीनदा, तासाच्या सुरुवातीची १० ते १२ मिनिटे पुरतात. फळ्यावर तीन छोटी वाक्ये लिहा, शक्यतो त्याच आठवड्यात दुसऱ्या विषयात शिकलेली :

बेडकाची मादी पाण्यात अंडी घालते. अंड्यांतून पिले बाहेर येतात. पिले कल्ल्यांनी श्वास घेतात.

पहिले दोन आठवडे जोडण्याचे साधन कंसात द्या (-लेल्या, -णारी), मग कंस काढून घ्या. प्रत्येकाने दोन उत्तरे लिहायचीच. एकच मागितले की मुले 'आणि' घालून मोकळी होतात. वर्गातून साधारण अशी वाक्ये येतील :

(अ) बेडकाच्या मादीने पाण्यात घातलेल्या अंड्यांतून कल्ल्यांनी श्वास घेणारी पिले बाहेर येतात.
(आ) बेडकाच्या मादीने पाण्यात घातलेल्या अंड्यांतून बाहेर येणारी पिले कल्ल्यांनी श्वास घेतात.

दोन्ही बरोबर आहेत, पण सारखी नाहीत. मराठी वाक्याचा भार शेवटच्या क्रियापदावर पडतो. (अ) मध्ये सांगायची गोष्ट पिले बाहेर येण्याची आहे, (आ) मध्ये श्वासाची. म्हणून मोठ्याने वाचून घ्या आणि विचारा, 'पुढचे वाक्य फुप्फुसांबद्दल असेल तर यातले कोणते ठेवाल?' या प्रश्नावर पाच मिनिटे गेली तरी चालतील. व्यायामाचा जीव इथेच आहे, बाकी सगळी तयारी.

दोन चुका हमखास होतील. पहिली : 'मुलगी घरी आली. मुलीने दप्तर उघडले.' ही जोडताना मुले 'मुलगी घरी येऊन दप्तर उघडले' असे लिहितात. पहिल्या वाक्यातला कर्ता तसाच उचलला जातो. कर्त्याचे रूप मुख्य क्रियापद ठरवते. 'उघडले' असेल तर 'मुलीने', 'झोपली' असेल तर 'मुलगी'. उपाय सोपा आहे : मधला तुकडा बोटाने झाकून उरलेले वाचायला सांगा. 'मुलगी दप्तर उघडले' हे कानाला लगेच खटकते.

दुसरी चूक '-ऊन'ची. 'घंटा वाजून मुले वर्गात आली' यात वाजणारी घंटा, येणारी मुले, कर्ते दोन. तिथे 'वाजल्यावर' हवे. ('पाऊस पडून पूर आला' हे मात्र चालते, कारण पहिली घटनाच दुसरी घडवते. एखादे हुशार मूल हा दाखला काढेलच, तेव्हा उत्तर तयार ठेवा.)

'आणि मग'च्या गाडीसाठी उलटा व्यायाम घ्या. मुलांच्याच निबंधातल्या एका लांब वाक्यातील सर्व पूर्ण क्रियापदांखाली रेघ मारायला सांगा. तीनपेक्षा जास्त निघाली तर वाक्य तोडायचे. प्रत्येक 'आणि मग'पाशी थांबून ठरवायचे : हा नुसता क्रम आहे, कारण आहे, की इथे पूर्णविराम हवा?

प्रश्न : आठवीच्या विज्ञानात 'कारणे द्या' आले की मुले प्रश्नातलेच वाक्य फिरवून लिहितात. भाषेच्या तासाची वाट न पाहता काही करता येईल का?

उत्तर : विज्ञानाच्या तासातच करा, तिथे सांगण्यासारखे काही असते. एक विधान द्या आणि ते 'कारण', 'पण', 'म्हणून' या तिन्ही शब्दांनी पुरे करायला सांगा.

समुद्राचे पाणी खारट असते, कारण नद्या खडकांतले क्षार वाहून आणतात आणि बाष्पीभवनानंतर ते मागेच राहतात.
समुद्राचे पाणी खारट असते, पण त्याच्या वाफेपासून पडणारा पाऊस गोडा असतो.
समुद्राचे पाणी खारट असते, म्हणून ते पिण्यासाठी वापरता येत नाही.

तिन्हींत 'पण' सर्वांत अवघड. धडा वरवर वाचलेले मूल तिथे 'पण त्यात मासे असतात' असे लिहिते. माहिती खरी, तरी खारटपणाशी तिचा विरोध नाही. 'हे वाचून कोणाची अपेक्षा मोडली?' असे विचारा. कोणाचीच नसेल तर 'पण' चुकला.

'कारण' आणि 'म्हणून' यांची अदलाबदल तपासायला वाक्य उलटून पाहायचे. 'अ, कारण ब' बरोबर असेल तर 'ब, म्हणून अ' हेही बरोबर वाटले पाहिजे. 'समुद्राचे पाणी खारट असते, कारण ते पिता येत नाही' हे उलटा : 'समुद्राचे पाणी पिता येत नाही, म्हणून ते खारट असते.' वर्ग हसतो आणि चूक कोणाला वेगळी समजावावी लागत नाही.

प्रश्न : मुलगा दुसरीत आहे. 'शाळेतून आल्यावर.' एवढे लिहून पूर्णविराम देतो. घरी काय करून घ्यावे?

उत्तर : असे अपुरे तुकडे आणि पूर्ण वाक्ये मिसळून सहा पट्ट्या करा. तो वाचेल, तुम्ही फक्त 'मग काय झाले?' असे विचारा. प्रश्न अडून राहिला तर वाक्य अपुरे आहे, हे त्याला आपोआप कळते. मग अपुऱ्या पट्ट्या त्यानेच पुऱ्या करायच्या.

पुढची पायरी वाक्य वाढवण्याची. 'मावशीने पुस्तक आणले' घ्या आणि कधी, कुठून, कोणासाठी यांपैकी दोनच प्रश्न द्या. सगळे एकदम दिले की सगळी उत्तरे क्रियापदाआधी कोंबली जातात. शब्दांच्या चिठ्ठ्या करत असाल तर सुरुवातीला 'मुलाने' अशी तयार रूपेच लिहा. 'मुलगा' आणि 'ने' वेगळे दिले तर 'मुलगाने' तयार होते आणि वाक्यरचनेचा खेळ सामान्यरूपाशी झुंजण्यात संपतो.

प्रश्न : वर्गात ६० मुले. रोज एवढी वाक्ये तपासायची कधी?

उत्तर : तपासू नका. मुले लिहीत असताना बाकांमधून फिरा आणि तीन वाक्ये टिपून घ्या : एक चांगले, एक त्या दिवशी शिकवलेलीच चूक असलेले, एक अनपेक्षित. नावे न सांगता ती फळ्यावर लिहा, दुरुस्ती वर्गाकडून करून घ्या आणि प्रत्येकाला आपले वाक्य पुन्हा पाहायला दोन मिनिटे द्या. वही हातात घ्यायची ती पंधरा दिवसांतून एकदा, तीही मुलाने स्वतः निवडलेल्या एकाच वाक्यासाठी. त्यात त्या पंधरवड्याचा मुद्दा सोडून ऱ्हस्वदीर्घाला लाल शाई लावू नका. पुढच्या वेळी मूल धोका टाळून पुन्हा चार शब्दांचेच वाक्य लिहील.