हात कपाटात का जातो?

तुला अनेक आशीर्वाद.

पत्रातला वैताग समजला. कृत्रिम हातासाठी एवढी मापं घेतली, सॉकेट (उरलेला हात ज्यात बसतो तो साचा) बदलून दिला, आणि पेशंट पुन्हा रिकामी बाही घेऊन आला. पण 'पेशंट सहकार्य करत नाही' हा शेरा फाईलवर मारू नकोस. बिडिस आणि चाऊ या संशोधकांनी २००७ मध्ये आधीचे अभ्यास एकत्र तपासले. मोठ्या माणसांत कृत्रिम हात नाकारण्याचं सरासरी प्रमाण केबलच्या, म्हणजे खांद्याच्या हालचालीने तार ओढून चालणाऱ्या हातासाठी २६ टक्के आणि विजेवरच्या हातासाठी २३ टक्के निघालं. मुलांत ४५ आणि ३५. महागडा हात दिला की काम झालं, ही समजूत तेवढ्यावरच सोडून दे.

हात काढून कधी ठेवतो, हे त्याला विचार. बहुतेकदा उत्तर घामाचं असतं. सॉकेट आतून चिंब होतो, कातडी सोलवटते, मायोइलेक्ट्रिक (स्नायूंच्या विद्युत संकेतांवर चालणारा) असेल तर ते संकेत टिपणारा इलेक्ट्रोड सरकतो आणि पंजा भलत्याच वेळी उघडतो. मग वजन. आपला हातही काही हलका नसतो, पण तो हाडाला जोडलेला असतो. हा कातडीवर लटकतो. शिवाय त्याला स्पर्श नाही. पेला धरलाय की निसटतोय, हे डोळ्यांनी पाहत राहावं लागतं, आणि दिवसभर असं पाहून माणूस थकतो.

कोपराखालून हात गेलेले त्यातल्या त्यात कृत्रिम हात वापरत राहतात. खांद्यापासून गेला असेल तर कोपर, मनगट, पंजा सगळंच यंत्राने हलवायचं. तोवर दुसऱ्या हाताने काम उरकलेलं असतं. एका हाताची ही सवय फार लवकर मुरते. म्हणून जखम भरली की तात्पुरता हात बसवायला चालढकल करू नको, जमलं तर पहिल्या महिन्यातच. आणि टोकाला हुक हवा की बोटांचा पंजा, हे त्याच्याशी बोलून ठरव. दिसायला हुक ओबडधोबड, पण खिळा धरायला पंजापेक्षा बरा. (नातेवाईक मात्र हमखास पंजाच मागतात.)

पुढच्या वेळी तो आला की आधी शर्टाची बटणं लावून दाखवायला सांग, कृत्रिम हात न घालता. जिथे अडेल तिथे कृत्रिम हात कामाचा आहे का, ते बघ. कुठेच अडला नाही, तर हात घेण्याचा आग्रह धरू नकोस. फक्त चांगला खांदा आणि मान दुखते का, तेवढं तपास. सगळा भार तिकडेच जातो.