भूमिकेला दोनच सीन आहेत म्हणून रुसलास?

अरे, आधी ब्रिटिश नट पीट पोस्टलथ्वेटची कामं बघ. १९४६चा, इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनचा माणूस. सुरुवातीला शाळेत नाटक शिकवायचा, मग लिव्हरपूलच्या एव्हरीमन थिएटरात घडला. गालाची हाडं वर आलेली, हिरोचा चेहरा नव्हेच. 'इन द नेम ऑफ द फादर'मध्ये तुरुंगातला बाप केला आणि ऑस्करचं नामांकन मिळालं.

पण तू 'ब्रास्ड ऑफ' (१९९६) लाव. खाणकामगारांच्या बँडचा मास्तर, छातीत कोळशाची धूळ. अल्बर्ट हॉलमधलं त्याचं भाषण दोनदा बघ. दुसऱ्यांदा आवाज बंद करून, फक्त डोळे. (मी अजूनही करतो हे.)

आणि घाई नको. एव्हरीमनमध्येच तो शेक्सपिअरचा किंग लिअर झाला, तो २००८ साली, बासष्टाव्या वर्षी.